जळकी मोटर कोण नेईल?

१

चोर मी पुष्कळ पाहिलेत. रेडिओचा स्पीकर काढून नेणारे, पंख्यातली तांब्याची तार उसवून नेणारे. एकाने तर माझ्या दुकानाची पाटीच पळवली होती. पण बंद पडलेली मोटर चोरणारा चोर मला त्या बुधवारी पहिल्यांदा भेटला, आणि खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. अरे, चोरायचंच तर चालू वस्तू चोर ना!

सकाळी दुकान उघडून मी जेमतेम झाडून घेतलं होतं. एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, बोटांना वाळलेली खळ लागलेली, हातात चादरीत गुंडाळलेली पेटी.

“डाव्या बाजूने बोला,” त्या म्हणाल्या. “उजवा कान गेलाय माझा. आणि सोमवारी डावाही जाणार.”

“जाणार म्हणजे?”

“गाठ आहे आत. ऑपरेशन आहे. जीव वाचेल, ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. म्हणून म्हटलं, त्याआधी हे एकदा चालू करून द्या.”

चादर सोडली. आत जुना रेकॉर्ड प्लेअर. लाकडी पेटी, वर थाळी, पुसून पुसून लाकूड गुळगुळीत झालेलं. महिनाभर घरघर करत होता आणि गेल्या आठवड्यात थांबला, असं त्या म्हणाल्या. मी पेटी उलटी केली, खालचे चार स्क्रू काढले, फळी उचलली आणि बघतच राहिलो.

मोटरच नव्हती. मोटरची जागा होती, तिचे रबरी पाय होते, थाळी फिरवणारा पट्टा घडी घालून ठेवलेला होता. वायरींची टोकं चिकटपट्टीने बंद केलेली होती. मोटर तेवढी नाही.

“बाई, हे आधी कोणी उघडलं होतं?”

“कोणीच नाही. सोमवारी तो रेडिओवाला घरी येऊन गेला, पण त्याने नुसतं हलवून बघितलं. म्हणाला, मोटर गेली, आता शोभेला ठेवा.”

माझ्या मागून आवाज आला, “हलवल्यावर आत खडखड झाली होती का?”

ही माझी आत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. निवृत्त झाल्यापासून माझ्या दुकानातली एकुलती एक धड खुर्ची तिने अडवली आहे. तिथे बसून ती लोकर विणते, गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकते, आणि कोण खोटं बोललं ते नंतर मला सांगते. मला ती ठोक्या म्हणते, कारण लहानपणी मी घरातली सगळी घड्याळं ठोकून बिघडवली होती.

“झाली होती थोडी,” बाई म्हणाल्या.

“मग सोमवारी मोटर होती. आज बुधवार. मधल्या दोन दिवसांत गेली.” आत्याने सुया खाली ठेवल्या. “घरी कोण कोण असतं?”

“माझी भाची असते सध्या, ऑपरेशनसाठी आलीय. आणि खाली माझा दीर. लेथवर काम करतो, टर्नर आहे. घराच्या तळाशीच त्याची शेड आहे.”

“घरी गेल्यावर मोटर नाहीशी झाल्याचं कोणाला बोलू नका. ठोक्या दुसरी आणेल.”

ठोक्या आणेल! जणू मोटर कोपऱ्यावर मिळते. या बनावटीच्या मोटरी बंद होऊन मला आठवतं तेवढी वर्षं झाली. पण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की, ‘बघतो’ म्हणायचं होतं ते ‘आणतो’ म्हणून गेलो.

“एवढं काय ऐकायचंय, बाई?” मी विचारलं.

त्यांनी चादरीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

“यांचा आवाज,” त्या म्हणाल्या.

२

त्यांचे यजमान जहाजावर इंजिनात कामाला होते. सदतीस वर्षांपूर्वी गेले ते परत आलेच नाहीत. आधी तार आली, मग कंपनीचं पत्र.

“जायच्या आदल्या दिवशी आम्ही गोदीजवळच्या एका दुकानात गेलो होतो,” बाई सांगू लागल्या. “काचेची खोली होती. आत उभं राहून बोलायचं, की तिथल्या तिथे रेकॉर्ड कापून द्यायचे. दोन मिनिटांची. आणि आमचे हे बोलायला इतके संथ! दोन मिनिटं संपली, आतला लाल दिवा विझला, दुकानदार काच ठोठावतोय, आणि हे आपले बोलतायत. मी बाहेर हसून हसून बेजार.”

त्या आत्ताही हसल्या. मग डोळे पुसले.

“रोज ऐकायचात?” आत्याने विचारलं.

“रोज. दुपारी काम थांबवून. मी पुस्तकं बांधते, बाइंडिंगचं काम. खळ वाळेपर्यंत हात रिकामेच असतात.”

“आणि गाणी? बाकीच्या रेकॉर्डी?”

“गाणी मी आधी लावायची. हे गेल्यावरसुद्धा लावायची, बरं वाटायचं. मग दोनेक वर्षांनी काय झालं कोण जाणे, सगळी गाणी रडकीच वाटायला लागली. आनंदाची म्हणून आणलेली, तीसुद्धा. म्हटलं, आता आपल्याच मनात आनंदाला जागा राहिली नाही. सोडून दिलं.”

“ती रेकॉर्ड इथे घेऊन या. माझ्या मशीनवर लावून देतो, हाय काय नि नाय काय,” मी म्हणालो.

“नको. दीर म्हणतो, ती मऊ असते, परक्या सुईने खरवडेल. मी घराबाहेर काढत नाही.”

बाई गेल्या. आत्या पुन्हा विणायला लागली. मी मात्र बडबडत होतो. पेटीत हिऱ्याची सुई होती, ती विकली असती तर कोणीही घेतली असती. चोराने तिला हात लावला नव्हता. उचलली काय, तर जळकी मोटर. आणि उचलताना स्क्रू कसे लावले होते? चारही स्क्रूच्या खाचा एका रेषेत.

“हे हौशी माणसाचं काम नाही,” मी म्हणालो. “रेडिओवाल्याचंही नाही. तो चार स्क्रू काढतो आणि तीन लावतो.”

“मग जाऊन त्यालाच भेट.”

“आत्या, आमचं बारा वर्षं बोलणं नाही!”

“म्हणूनच. बारा वर्षांचं साचलंय त्याच्याकडे. भडाभडा बोलेल.”

गुरुवारी सकाळी मान खाली घालून गेलो. रेडिओवाल्याने मला बघून आधी तोंड फिरवलं. मग बाईंचं ऑपरेशन सोमवारी आहे हे सांगितल्यावर मुकाट्याने शिडी लावून माळ्यावर चढला. धूळ झटकत खाली आला तेव्हा त्याच्या हातात तीच मोटर होती. तशीच, दांड्यावर पितळी पुली असलेली.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “माझ्या आईलाही शेवटी ऐकू यायचं नाही.”

 बारा वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो हा.

“आणि एक गंमत सांगतो,” तो म्हणाला. “मंगळवारी एक जण हीच मोटर विचारत आला, तेव्हा कुठे मला आठवलं की माळ्यावर ही पडलीय. म्हटलं, आहे, घे. तर म्हणतो, मोटर नको. फक्त दांडा मोजू द्या. खिशातून स्वतःचं कॅलिपर काढलं, दांड्याची जाडी मोजली, कागदावर लिहिली आणि गेला.”

३

कॅलिपर खिशात घेऊन फिरणारी माणसं शहरात किती असतील? दुपारी मी आणि आत्या बाईंच्या घराखालच्या शेडमध्ये उभे होतो. लेथ चालू होतं. जमिनीवर पितळेचा कीस पडला होता. दीर पन्नाशी उलटलेला, खांद्यात वाकलेला, एकटा जीव. बाई त्याला बारक्या म्हणतात, आणि सगळी गल्लीही तेच म्हणते.

“वहिनींच्या मशीनबद्दल आलो होतो,” आत्या म्हणाली. बस, एवढंच म्हणाली.

त्याने लेथ बंद केलं. बोलण्याआधी तोंडाने श्वास आत ओढला, गरम चहा ओढावा तसा. “मला काय माहीत? जळकी मोटर कोण नेईल?”

मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“वहिनींकडे कधीपासून आहात?”

पुन्हा तोच श्वास. “अकरा वर्षांचा होतो, तेव्हापासून. आईवडील गेले, दादाने आणलं. वहिनीने वाढवलं. दादा गेला तेव्हा मी सतरा वर्षांचा.”

“रेकॉर्ड तुम्हीही ऐकत असाल.”

“वहिनी ऐकते,” तो म्हणाला आणि लेथ पुन्हा चालू केलं.

बाहेर आल्याबरोबर मी आत्याचा हात धरला. “ऐकलंस? मोटर नेली हे आपण सांगितलंच नव्हतं! हाच तो. स्क्रू याचे, कॅलिपर याचं. झालं, सुटलं कोडं.”

“कोणी नेली ते मला बुधवारीच कळलं होतं. घरात स्क्रू सरळ लावणारा माणूस तो एकच,” आत्या म्हणाली. “का नेली, ते सांग. आईसारख्या वहिनीचे ऐकायचे चार दिवस उरलेत. आणि हा माणूस तिच्या मशीनची मोटर काढतो? का?”

मी डोकं खाजवत तिच्यामागून जिना चढलो.

वर भाची होती. दवाखान्याच्या फायली लावत बसलेली, बोलायला फटकळ. “मावशीने माझ्याकडे राहायला यावं असं मला वाटतं, लपवत कशाला? पण ती या मशीनला चिकटलीय. म्हटलं, फोनमध्ये भरून देते. तर म्हणे, फोनमधून आवाज यांचा नाही, यांच्या चुलत भावाचा वाटतो. आणि बारके काका तर अंगावरच धावून आले, रेकॉर्डला हात लावायचा नाही म्हणून.”

“मग मशीन बंद पडलं हे तुझ्या पथ्यावरच पडलं की,” आत्या म्हणाली.

पोरगी रडायलाच लागली. “असं कसं म्हणता हो? सोमवारनंतर तिला माझाही आवाज ऐकू येणार नाहीये.”

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “उद्या मावशी तपासणीला जाईल ना? त्या वेळात ठोक्या मशीन घेऊन येईल. तू ती रेकॉर्ड काढून ठेव. मला ती बघायचीय.”

४

शुक्रवारी दुपारी मी मशीन त्यांच्या टेबलावर ठेवलं. रेडिओवाल्याची मोटर पेटीत अशी बसली, जणू कधी निघालीच नव्हती. थाळीचा वेग मी दोन वेळा मोजला होता. तसूभर फरक नाही.

आत्याने रेकॉर्ड हातात घेतली, खिडकीशी नेली. काळी, पातळ, मधोमध कागदी लेबल. लेबलावर यजमानांच्या अक्षरात तारीख. आणि लेबलाच्या एका कडेला तपकिरी डाग, अर्ध्या चंद्रासारखा, इस्त्री जास्त वेळ राहिली की कापडावर पडतो तसा.

“ठोक्या, हा डाग बघ. लेबलाच्या कडेपर्यंत येतो आणि थांबतो. खालच्या काळ्या भागावर काहीच नाही.”

“बरं मग?”

“लाव.”

सुई टेकवली. खरखर झाली, आणि मग आवाज आला. पातळ, चिरका, घाईघाईत बोलणारा. मिसरूड फुटण्याच्या वयातल्या पोराचा आवाज! तो म्हणत होता की, मी सहा महिन्यांनी येईन, नळाचा वॉशर बदलून घे, बारक्याला शाळा बुडवू देऊ नकोस.

भाची माझ्यावर उसळलीच. “काय बसवलंय तुम्ही हे? काकांचा आवाज असा किरटा नाही! ते किती भारदस्त बोलायचे, सावकाश. मी लहानपणापासून ऐकलंय इथे. उद्या मावशीला हे ऐकवणार का?”

माझं डोकंच फिरलं. माझ्या कामावर बोट ठेवलेलं मी खपवून घेत नाही. कपाटात गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या, त्यातली एक ओढून काढली आणि लावली. “हे ऐक! वेग चुकलाय का सांग!”

गाणं सुरू झालं. ढोलक, बासरी, उड्या मारत जाणारी चाल. भाची तोंडाला हात लावून उभी राहिली.

“हे... हे गाणं एवढं आनंदी होतं?” ती म्हणाली. “लहानपणी मावशीकडे हट्टाने लावून घ्यायचे तेव्हा मला वाटायचं, कोणीतरी मेल्याचं गाणं आहे.”

आत्याने डोळे मिटून घेतले होते. “मोटर बरोबर आहे, ठोक्या,” ती हळूच म्हणाली. “आधीची चूक होती. पस्तीस वर्षं. ती रेकॉर्ड पुन्हा लाव, शेवटापर्यंत.”

लावली. तो पोरगा बोलत राहिला. प्रत्येक वाक्याआधी बारीकसा आवाज येत होता. तोंडाने ओढलेल्या श्वासाचा. शेवटी तो म्हणाला, ‘आणि हे बघ, तू मात्र वेळेवर जेवत जा.’ मग नुसती खरखर, बराच वेळ.

“दिवा विझला, काच ठोठावली, तरी हे बोलत होते,” आत्या म्हणाली. “मग वाक्य पूर्ण कसं झालं? आणि वर एवढी जागा उरली कशी?”

तेवढ्यात मागे काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं. दारालगतच्या छोट्या टेबलापाशी बारक्या उभा होता. त्याने ठेवलेली वस्तू म्हणजे फडक्यात गुंडाळलेली जळकी मोटर होती.

५

“बंद करा ते,” तो म्हणाला. “हात जोडतो, बंद करा.”

मी सुई उचलली. भाचीने खुर्ची पुढे केली, पण तो जमिनीवरच बसला.

“दादा गेल्यावर दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मला पहिली नोकरी लागणार होती. मुलाखतीला जायचं म्हणून या टेबलावर शर्टाला इस्त्री करत होतो. गडबडीत इस्त्री ठेवली ती रेकॉर्डवर.” त्याने श्वास ओढला. “वितळली. दादाचा तेवढाच आवाज होता घरात, तो मी जाळला.”

आत्याने लेबलावरच्या डागावर बोट ठेवलं.

“वहिनी पुस्तकं पोचवायला गेली होती. तिला म्हटलं, मशीनला तेल द्यायचंय, चार दिवस लावू नकोस. रेकॉर्ड मला पाठ होती, रोज ऐकून ऐकून. गोदीजवळच्या त्याच दुकानात गेलो आणि काचेच्या खोलीत उभा राहून दादाचं सगळं बोललो. घरी आणून लावली, तर हे असं. माझाच किरटा आवाज. दादाचा आवाज विहिरीसारखा होता हो.”

“म्हणून तुम्ही पुली तासली,” आत्या म्हणाली.

“लेथ शिकत होतो. एवढंच यायचं मला.”

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटरच्या दांड्यावरची पुली पट्ट्याने थाळी फिरवते. पुली जेवढी बारीक, तेवढी थाळी सावकाश. थाळी सावकाश फिरली की आवाज जाड होतो. या पोराने स्वतःचा आवाज बदलला नाही, मशीनच बदललं! म्हणून बाईंची गाणी रडकी झाली. दोनेक वर्षांनी, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. बिचारीला वाटलं, आपलंच मन मेलं.

“लेबल जुन्यावरचं वाफेने काढून चिकटवलं,” तो म्हणाला. “मोटर बंद पडली तेव्हा समजलं, आता मेलो. नवी मोटर आली की नवी पुली येणार, आणि वहिनीला माझा आवाज ऐकू येणार. जायच्या आधी शेवटचा ऐकायचा तो माझा? म्हणून मोटर काढली. म्हटलं, जुनी पुली उतरवतो, नव्या दांड्याच्या मापाला बसते का बघतो, बसली तरच नवी मोटर आणून गुपचूप बसवतो. पण उतरवताना...”

त्याने फडकं उलगडलं. पितळी पुलीचे तीन तुकडे झाले होते.

“माप?” मी विचारलं.

“माप घेतलंच नव्हतं कधी. तेव्हा कानाने तासली होती. दादासारखं वाटेपर्यंत.” तो रडत होता, लहान मुलासारखा, लाज न बाळगता. “वहिनीला कळू देऊ नका हो. तिच्या पाया पडायचीही माझी लायकी नाही.”

शनिवार उरला होता, आणि अर्धा रविवार.

६

शनिवारी बाई पुन्हा दवाखान्यात होत्या, भाची बरोबर. आम्ही मशीन खाली शेडमध्ये नेलं. बारक्याने पितळेची कांडी लेथला लावली, भोक पाडलं. दांड्याची जाडी त्याने मंगळवारीच लिहून घेतली होती. पहिली पुली मी मोटरला बसवली, सुई टेकवली. पोरगा किरटा बोलला.

पुली काढली. त्याने केसाएवढी तासली. पुन्हा बसवली, पुन्हा ऐकली.

असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. माझी बोटं सोलवटली. पण प्रत्येक खेपेला तो आवाज थोडा थोडा खाली उतरत होता. पोराचा तरुण झाला, तरुणाचा बाप्या झाला. बारक्या लेथवर वाकून, डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. “अजून थोडं. दादा याहून जाड बोलायचा.”

दुपार कलली तेव्हा सुई टेकवली, आणि भारदस्त, सावकाश आवाज म्हणाला, ‘बारक्याला शाळा बुडवू देऊ नकोस.’

बारक्याने लेथचा दांडा घट्ट धरला.

“हा,” तो म्हणाला. “हा दादा.”

मला माझ्या वडिलांची आठवण आली, आणि ती मला सहसा येत नाही. त्यांचा आवाज कसा होता हे मला आता सांगता येणार नाही. मी उगाच पक्कड शोधायला म्हणून पिशवीत डोकं घातलं.

परत जाताना आत्या झपझप चालत होती. मी म्हणालो, “झालं ना सगळं नीट? उद्या त्या ऐकतील, त्यांना काही कळणार नाही. पस्तीस वर्षं कळलं नाही तर उद्या काय कळतंय?”

आत्या रस्त्यातच थांबली.

“ठोक्या, एकोणीस वर्षांच्या पोराने घाईघाईत चिकटवलेलं लेबल. वर इस्त्रीचा डाग. ते रोज कोणाच्या हातात यायचं?”

“बाईंच्या.”

“आणि बाईंचा धंदा काय?”

“पुस्तकं बांधायचा. खळीचा,” मी म्हणालो.

७

रविवारी सकाळी मशीन टेबलावर होतं. बाई डावा कान पेटीकडे करून बसल्या होत्या. भाची त्यांच्या मागे, आत्या खिडकीशी. बारक्या दारात, पळून जायला तयार असल्यासारखा.

मी सुई टेकवली.

तो आवाज खोलीत भरला. बाईंनी टेबलाच्या कडेला बोटं लावली. सहा महिन्यांनी येईन. नळाचा वॉशर. बारक्याची शाळा. प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ नुसते हलत होते. शेवटी, ‘आणि हे बघ, तू मात्र वेळेवर जेवत जा.’ मग खरखर. बाईंनी स्वतः हात पुढे करून सुई उचलली.

“छान झालंय,” त्या मला म्हणाल्या. मग मान वळवली. “बारक्या, इकडे ये. डाव्या बाजूला बस.”

तो आला. खाली मान घालून बसला.

“आता तू म्हण.”

“काय म्हणू, वहिनी?”

“शेवटचं वाक्य. यांनी ते पुरं केलंच नव्हतं. ‘तू मात्र’ म्हणाले आणि रेकॉर्ड संपली. दोन वर्षं मी रोज तिथपर्यंत यायची आणि पुढचं काय असेल याचा विचार करत झोपायची. आणि एके दिवशी ते पुरं झालं.” त्यांनी रेकॉर्ड उचलून लेबलावर अंगठा फिरवला. “लेबलाला खळ जास्त लावली होतीस तू. कडेने फुगलंय बघ. मला त्याच दिवशी कळलं.”

बारक्याने त्या फुगलेल्या कडेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “मग मला घराबाहेर का नाही काढलंस? मी दादाला जाळलं गं.”

“दोन दिवस मी खूप रडले. तू शेडमध्ये होतास, तुला दिसलं नाही. तुझ्यावर रागावलेसुद्धा, इतकी की तुझ्याशी बोलवेना. मग वाटलं, या पोराला दादाच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. त्याने घातलं काय, तर जेवत जा.” त्यांनी त्याचा हात ओढून घेतला. “यांची मला रोज आठवण येते, बारक्या. आजही आली. पण उद्यापासून काहीच ऐकू येणार नाही. यांचं मी मनात ऐकीन. ते पाठ आहे. तुझं वाक्य तुझ्या आवाजात मी एकदाही ऐकलेलं नाही. म्हण.”

 मी जुन्या पुलीचे तुकडे खिशात मुठीत धरले होते.

बारक्याने तोंडाने श्वास ओढला. आता त्याचा आवाज किरटा नव्हता. चोपन्न वर्षांच्या माणसाचा होता, जाड, सावकाश, दादाचा असेल तसाच.

“वहिनी,” तो म्हणाला, “तू मात्र वेळेवर जेवत जा.”

“जेवते रे,” बाई म्हणाल्या. “जेवते.”

भाची हुंदके देत होती. आत्याही लोकरीचा गुंडा शोधायचं नाटक करत होती. मीच काय तो शहाणा, म्हणून मी पेटी आवरायला पुढे झालो. बाईंनी माझ्या मनगटाला धरलं.

“थांबा. ती दुसरी पुली आहे ना, मोटरबरोबर आलेली? तुमच्या आत्यांनी सांगितलं मला. ती बसवा. आज दिवसभर वेळ आहे. मला ती सगळी गाणी एकदा नीट ऐकायचीत.”

मी पेटी उलटी केली आणि पहिला स्क्रू सोडला.